निवडलेली मुलं

शाळेत खेळाची शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमातला तिचा हा शेवटचा पाठ. परीक्षकांसमोर एक तास घ्यायचा, आणि तो फसला तर वर्ष वाया. म्हणून शाळेतली चपळ मुलं आधीच हेरून त्यांच्याकडून आठवडाभर सगळं घोटवून घ्यायचं, हा तिथला ठरलेला रिवाज.

तिने मात्र मैदानाच्या कडेला नुसती बसून राहणारी मुलं उठवली. कुणाला चार पावलांत दम लागायचा, कुणी जाडीपायी लाजायचं. एक मुलगी तर चेंडू दिसला की डोळेच मिटून घ्यायची.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?" मैत्रीण कुजबुजली. "हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस!"

"पडू दे," असं हळूच म्हणून तिने देवाचं नाव घेतलं आणि शिट्टी फुंकली.

रांग नागमोडी झाली. चेंडू हातांतून निसटून मैदानभर पळाले, आणि त्यांच्यामागे पळता पळता मुलं खिदळायला लागली. तास संपत आला तेव्हा त्या मुलीने उघड्या डोळ्यांनी एक झेल घेतला आणि स्वतःच दचकली.

परीक्षक आठ्या घालून उठले. "बाई, आमचा वेळ काय वाटेवर पडलाय? झेल घेता येणारी मुलं नव्हती का या शाळेत?"

तिचा आवाज जराही चढला नाही.



"होती ना, सर. पण त्यांना येतंच, आणि परीक्षा तर शिकवण्याची होती."