बेचक्याच्या वर

“झाड छाटलंस म्हणे. खोड दुभागतं, त्या बेचक्याच्या वरच कापलंस ना गं?” अंथरुणावरून नानांनी बायकोला विचारलं.

कुमुदच्या हातातला पेजेचा चमचा थबकला. नाना इस्पितळात असताना त्यांच्या लाडक्या झाडाची छाटणी तिनेच केली होती. गुलाब छाटतात तशी, मोठ्या मायेनं, अगदी खालपर्यंत. नाना घरी येतील तेव्हा उलट्या कर्ण्यांसारखी ती पांढरी फुलं लगडावीत आणि संध्याकाळी घर घमघमावं, एवढंच तिच्या मनात होतं.

“का हो? खाली कापलं तर काय होतं?”

“मग बोंबला! नवं खोड वाढायचं, त्याला पुन्हा बेचकं फुटायचं, तेव्हा कुठे कळी. वर्ष-दीड वर्ष गेलंच म्हणून समज.” नाना हसले, मग खोकत राहिले. “हे काही गुलाबासारखं नसतं बाई.”

डॉक्टरांनी फार तर दोन महिने म्हटलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

“वरच कापलं हो,” कुमुद म्हणाली. “इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला, एवढंही कळत नाही होय मला?”

“शहाणी माझी! मग महिन्याभरात फुलेल बघ. तोवर यमाला म्हणावं, बस जरा ओट्यावर.” कितीतरी दिवसांनी नानांचा चेहरा उजळला. “ती खिडकी उघड. वास तिकडूनच येतो.”

पलंगावरून त्यांना नुसतं आभाळ दिसायचं. कुमुद उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली.