चार इंची खिळा

"अहो, थांबा! भिंत खराब होईल," कुमुद ओरडली, तसा नवऱ्याचा हातोडा हवेतच राहिला.

सकाळपासून घर लावून लावून ती मेटाकुटीला आली होती. नवरा पाटबंधारे खात्यात, त्यामुळे अकरा बदल्या, अकरा सरकारी क्वार्टर. दर ठिकाणी खिडकीचं माप वेगळं, म्हणून त्याच पडद्याला दर खेपेस नवी पट्टी जोडलेली, कुठं जुन्या साडीचा काठ, कुठं लेकीचा फ्रॉक. टीपॉय म्हणजे सामानाचं खोकं, वर चादर. क्वार्टर सोडताना टूथपेस्टनं खिळ्यांची भोकं बुजवायचा तर तिला इतका वीट आला, की मोडक्या कॅरमच्या चौकटीत बसवलेला आरसा पुढं कायम जमिनीवरच भिंतीला टेकून उभा राहिला.

"राहू दे तो आरसा खालीच," ती म्हणाली. "जाताना भोकं कोण बुजवणार? माझ्यात आता त्राण नाही."

नवरा स्टुलावरून तिच्याकडं बघत राहिला. गेल्याच महिन्यात तो निवृत्त झाला होता, आणि हे घर त्यांचं स्वतःचं होतं.

"अगं, आता जायचंय कुठं?"

ती मटकन खोक्यावर बसली. मग पदरानं तोंड पुसून तिनं त्याच्या चिमटीतल्या खिळ्याकडं पाहिलं.

"मग एवढासा कशाला? चार इंची ठोका."