परत या

"हे फुलांचं दुकान नाही, पोरी," यादवकाका म्हणाले.

स्नेहलच्या हातातली गोळ्यांची पुडी तशीच राहिली. समोरचा म्हातारा औषध घेऊन नुकताच पायऱ्या उतरला होता. त्याला ती सवयीने 'परत या' म्हणाली होती. सराफ बाजारातल्या फुलबाजारात तिच्या आईची बसायची जागा होती. शेवंतीचा वाटा बांधून देताना आई प्रत्येक गिऱ्हाइकाला 'परत या' म्हणायची. ऐकून ऐकून ते स्नेहलच्याही तोंडी बसलं होतं.

यादवकाका या दवाखान्यातले जुने कंपाउंडर होते. पेठ नाक्याजवळच्या दोन खोल्यांत दर रविवारी डॉक्टर गोरगरिबांना फुकट तपासत. स्नेहल कॉलेजात शिकत होती आणि दिवाळीपासून इथे मदतीला येत होती. डॉक्टर आत तपासायचे, बाहेर ती औषध द्यायची आणि कधी, कसं घ्यायचं ते समजावून सांगायची.

"दवाखान्यात माणसाला परत बोलवत नाहीत," काका म्हणाले. "आजारालाही कान असतात. आज परत या म्हणतेस, उद्या म्हणशील, घरच्यांनाही घेऊन या."

बाकावरचे दोघेतिघे हसले. स्नेहलही हसली, पण तिचे कान तापले. तिने मनाशी ठरवलं, आता कोणालाच म्हणायचं नाही.

त्यानंतर भागीबाईचा नंबर होता. ती आणि तिचा नवरा मंगळू पेठकडच्या एका पाड्यावरचे. द्राक्षाच्या बागेत कामाला म्हसरूळला आले होते. मंगळूला क्षय होता. पहिल्या दिवशी त्याला दोघांनी धरून आणावं लागलं होतं. डॉक्टरांनी तेव्हाच भागीबाईला सांगितलं होतं, औषध बरेच महिने चालेल, ही ताई सांगेल तसं येत जा. तेव्हापासून दोघांनी एकही रविवार चुकवला नव्हता. आता मंगळू आपल्या पायांनी चालत यायचा आणि बाहेर कडुनिंबाखाली तंबाखू नसलेल्या हातावर उगाच अंगठा चोळत बसायचा. तंबाखू भागीबाईने सोडायला लावली होती.

स्नेहलने आठवड्याच्या गोळ्या दिल्या. सकाळच्या कोणत्या, रात्रीच्या कोणत्या, ते सांगितलं. मग शब्द ओठांवर आला आणि तिने तो गिळला. नुसती मान हलवली.

भागीबाई जागची हलली नाही. थोडा वेळ ती स्नेहलच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिने पुढे होऊन स्नेहलच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बाहेर जाऊन तिने मंगळूला काहीतरी सांगितलं. तो उठून दारापर्यंत आला आणि त्याने आत बघून हात जोडले.

स्नेहलला त्याचं नवल वाटलं. पण पुढचा माणूस उभा होता. दुपारपर्यंत एकदाही तोंडातून 'परत या' निघालं नाही, याचंच तिला बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. यादवकाका म्हणाले, मजुरांचं असंच असतं, काम संपलं की घर गाठतात. स्नेहलला राहवेना. ती सायकल घेऊन म्हसरूळला बागेत गेली. बागमालक म्हणाला, गेले की गावाला, काम सोडून गेले. आणि जाताना सगळ्यांना गूळ वाटून गेले, म्हणे दुखणं गेलं.

परतताना स्नेहल रागाने सायकल हाणत होती. औषध अर्धवट टाकायचं आणि वर गूळ वाटायचा. यांना सांगून काही उपयोग नाही, असं ती घरी आईजवळ म्हणाली. आई हार ओवत होती.

दसरा झाल्यावरच्या एका रविवारी भागीबाई आली. एकटीच होती. कपाळ मोकळं होतं. पायऱ्या चढताना तिने भिंतीला हात लावला, आणि बाकावर बसल्यावर पदर तोंडाशी धरून ती बराच वेळ खोकत राहिली.

डॉक्टरांनी तिला आत तपासलं. बाहेर येऊन त्यांनी स्नेहलला औषधं सांगितली. तीच होती, मंगळूची.

स्नेहलचे हात पुडी बांधत होते. न विचारण्याचं तिने ठरवलं होतं, तरी विचारलं गेलंच. "भागीबाई, मध्येच का सोडलंत औषध? ते बरे झाले नव्हते."

भागीबाईने वर पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"तू दर वेळी परत या बोलायची, ताई. त्या दिवशी नाय बोलली. आम्ही समजलो, बरा झाला."

बाटल्या विसळणाऱ्या यादवकाकांचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"लय खूश होता," भागीबाई म्हणाली. "तोच बोलला, गूळ वाटू."

स्नेहलने पुडी तिच्या हातात ठेवली. सकाळच्या कोणत्या, रात्रीच्या कोणत्या, ते सांगितलं. पुढचे दोन शब्द मात्र आले नाहीत; ती उरलेला दोरा गुंडाळत राहिली.

भागीबाईने पुडी पदराच्या टोकाला बांधली. गाठ ओढून पाहिली. पण ती उठली नाही. तशीच स्नेहलच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.

"ताई," शेवटी तिने भीत भीत विचारलं, "मी येऊ ना परत?"