बोललं की तुटणारी लाइन

"मी बोललो की तुटते. गप्प बसलो तर तासन्‌तास चालते," मेस्त्रींनी पुन्हा सांगितलं.

इंटरनेट दुरुस्त करायला आलेली बाई कपाटामागे हात घालून तार चाचपत होती. "लाइन म्हणजे काय सासू आहे का काका, तोंड उघडलं की रुसायला?"

मेस्त्री हसले नाहीत. जन्म स्कूटरी दुरुस्त करण्यात गेलेला. बिघाडाची लक्षणं कशी सांगावीत हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. गेम सुरू होतो. 'पाहुणा' म्हणून आत घेतात. पोराचा आवाज खणखणीत ऐकू येतो. मग आपण तोंड उघडायचा अवकाश, पडद्यावर लाल चौकट येते आणि आपण बाहेर. माइक चालू झाला की लाइनला लोड झेपत नाही, हे त्यांचं निदान.

पोरगा नोकरीसाठी लांब, समुद्रापलीकडे. आई गेल्यापासून त्याने बापाचा फोन उचलणं सोडलं होतं. "साधं पित्त आहे, होईल बरं," म्हणत मेस्त्रींनी बायकोला घरीच ठेवलं होतं, आणि ते पित्त नव्हतं. पोरगा त्यावर भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मग एकदा भाच्याकडून कळलं, की दादा रविवारी दुपारी जुन्या मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळतो. गेममधली खोली त्याचीच, पण आत कुणीही येऊ शकतं, नावसुद्धा सांगावं लागत नाही. मेस्त्रींनी त्याच आठवड्यात एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. पडद्यावर बंदूक घेऊन धावताना सुरुवातीला त्यांची पळता भुई थोडी झाली. पण पोराचा आवाज कानावर पडत होता. त्या आवाजासाठी ते काहीही शिकले असते.

बाईने वायफायची भानगडच ठेवली नाही, थेट तार जोडली. वेग मोजून पाहिला. राउटरवरची धूळ फुंकून उडवली, तो बंद करून पुन्हा चालू केला. "आता वरून दगड पडला तरी हलायची नाही. चला, तुमच्यासमोरच बघू."

मेस्त्री पाहुणा होऊन आत शिरले. बाईने आवाज स्पीकरवर घेतला आणि हेडफोनचा माइक तोंडाजवळ धरला. "हॅलो, आवाज येतोय का?"

"एकदम मस्त!" पोरगा म्हणाला. "पाहुणे, नवीन दिसताय. माझ्या मागेमागे या. घाबरू नका, मी आहे."

मेस्त्रींचा जीव सुपाएवढा झाला. बाई बोलत राहिली, पोरगा उत्तरं देत राहिला, एकदा तर चक्क हसला. लाइन जागची हलली नाही. झाली एकदाची दुरुस्त! मेस्त्रींना राहवलं नाही. बाईच्या हातातला माइक ओढून घेत ते म्हणाले, "बाळा, जेवलास का रे?"

स्पीकर गप्प झाला. लाल चौकट आली.

"बघा! बघा, हेच म्हणत होतो मी!" मेस्त्री म्हणाले. "किक बसली, पण चालू नाही झालं."

"किक?"

मेस्त्रींनी चौकटीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. बाकीचं इंग्रजी त्यांना लागत नव्हतं. पण हा शब्द सुट्या भागांच्या खोक्यांवर वर्षानुवर्षं वाचलेला. "हे काय, किक. म्हणजे सुरू व्हायला बघते, पण इंजिन धरत नाही. असंच ना?"

बाईने चौकट वाचली. राउटरचे हिरवे दिवे पाहिले आणि चौकट पुन्हा वाचली.

"काका, लाइन तुटत नाहीये," ती हळूच म्हणाली. "ही किक वेगळी. नको असलेल्या माणसाला बटण दाबून बाहेर काढतात, त्याला किक म्हणतात."

"कोण काढतं?"

"ज्याची खोली असते तो."

मेस्त्री खुर्चीत बसले. म्हणजे आवाज नीट पोचत होता. पहिल्या रविवारपासून पोचत होता. बाळा म्हटलेलं, कसा आहेस म्हटलेलं, माझं चुकलं रे म्हटलेलं, सगळं जसंच्या तसं पोचलं होतं.

बाई सामान आवरायला लागली. पण तिचा पाय निघेना. "परत आत जाता येतं काका," ती म्हणाली. "पाहुण्याला दर वेळी नवा नंबर मिळतो. तुम्हीच आहात हे त्याला कळत नाही. फक्त बोलायचं नाही, झालं."

मेस्त्रींनी मान डोलावली. खणातून त्यांनी लहान पक्कड काढली, हेडफोन मांडीवर घेतला आणि वायरीवरचं प्लास्टिक सफाईने सोललं. आतून केसासारख्या बारीक रंगीत तारा निघाल्या.

"ताई, यातली बोलायची कुठली?"

"अहो, तोडता कशाला? हे बटण आहे ना, दाबलं की माइक बंद."

"बटणाचा काय भरवसा? तो हसला की माझा हात राहायचा नाही." त्यांनी पक्कड तिच्या हातात दिली. "तुम्हीच कापा. फक्त ऐकायची तेवढी राहू द्या."