अजबबंगल्यातली पाटी

इंग्रज अमदानीतली गोष्ट. आमच्या गावात कीर्तनाला बसलं की देव सगळ्यांचा असे. शाळेतला पाण्याचा माठ मात्र सगळ्यांचा नव्हता. गावकुसाबाहेरच्या अंबूनं त्याला शिवायचं नाही. शिपाई वरून ओतेल तेवढंच तिनं ओंजळीनं प्यायचं.

त्या वर्षी रंगराव मास्तरांनी सगळ्या वर्गाला, अंबूलाही, नांदुऱ्याहून आगगाडीनं नागपूरचा अजबबंगला, म्हणजे जुन्या वस्तूंचं संग्रहालय, दाखवायला नेलं. तिथं एका जुन्या मडक्यापुढं पाटी होती, 'कोणीही हात लावू नये.'

"पाटलाच्या इंद्रभाननंबी नाही लावाचा का जी?" अंबूनं विचारलं.

"हाव. कोणीच नाही," मास्तर म्हणाले.

अंबू त्या पाटीपुढून हलेचना.

परतल्यावर मास्तरांनी सांगितलं, "तिथं जे पाह्यलं, त्यातलं काहीतरी सोमवारी आपल्या हातानं बनवून आणा." कोणी मातीचा हत्ती आणला, कोणी पुठ्ठ्याची तलवार. अंबू रिकाम्या हातानं उभी.

"तुह्यं कुठं हाय वं?" मास्तरांनी विचारलं.

"ठेवलं जी, त्याच्या जागेवर."

मधल्या सुट्टीत पोरं पाण्याकडं धावली. माठाच्या गळ्याला सुतळीनं आवळून एक फळी बांधलेली होती. तिच्यावर कोळशानं लिहिलं होतं, 'कोणीही हात लावू नये.'

पोरं हसली आणि रोजच्यासारखी पाणी प्याली. इंद्रभान तोंड पुसत म्हणाला, "आम्ही तर पेलो. कोणं बांधली बे ही?"

 

"म्या," अंबू म्हणाली. "दोन्ही हातांनी."