झोपून घेतलेलं माप

लेकीचं चष्म्याचं दुकान नवंकोरं. "कालची पोर ती!" म्हणत आईनं आधी तीन नावाजलेल्या दुकानांचे उंबरठे झिजवले, पण नेमबाजीच्या सरावात रायफल रोखली की निशाणा काही केल्या स्पष्ट दिसेना. "या वयात हौस पुरे, काकू!" हेही ऐकून झालं. शेवटी ती लेकीकडेच आली. "त्यांनी तुला ताठ बसवून माप घेतलं," लेक म्हणाली, "आणि नेम धरतेस तू पालथी पडून. झोप इथेच!" आई रायफलसारखी छत्री खांद्याला लावून फरशीवर पालथी झाली. काचेबाहेर ही गर्दी! लेकीनं ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघे टेकून तिनं आईच्या जुन्या चष्म्यावर वरच्या कोपऱ्यात, नाकाजवळ ठिपका काढला. "नजर इथून जाते. भिंगाचा मध्य इथेच हवा." महिन्याभरानं आईनं स्पर्धा जिंकली. पदक बघायला अख्खी गल्ली लोटली. आई म्हणे, "आधी चष्मा बघा! कालच्या पोरीनं केलाय!"