मनिराम आला

सकाळी सहा पन्नासला बोदलकसा तलावाच्या पाण्यावर पक्षी कोसळला आणि दोन्ही पंजांत मासा धरून वर उठला. काठावर गलका झाला. "मनिराम आला! मनिराम आला!"

हर्षानं घाईघाईनं पेन उघडलं. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत हीच एक नोंद राहिली होती. अकराला वही तालुक्याला, तिरोड्याला जायची होती. छापील यादीत पक्ष्याचं नाव कैकर. गावात मात्र सगळ्यांचा तो मनिराम. नाव कशावरून पडलं, तेही लिहायचं होतं आणि हर्षाला ते लहानपणापासून पाठ होतं. मनिराम तिचा आजोबा. चाळीस वर्षांपूर्वी एका पहाटे तो जाळं टाकायला गेला. डोंगा रिकामा सापडला. पुढच्या दिवाळीत हे पाखरू त्याच्याच डोंगा बांधायच्या खुंटावर येऊन बसलं. तेव्हापासून गावचे ढिवर मासेमार हंगामातला पहिला मासा तिथं ठेवून हात जोडत.

"लिव, पाण्यात देह ठेवला," समितीचे अध्यक्ष पुरनलाल म्हणाले. "गावची शान हाय. अक्षर मोठं काढजो."

शेजारी हर्षाची आजी, मनिरामची बायको रुख्मा, मासे निवडत होती. तिचे हात थांबले.

"वही सरकारी हाय का व?"

"हो आजी. कायमची राहील."

"मंग खोटं नको लिवू. नाव म्या ठेवलं. तो बुडला नाई."

काठावरचे सगळे रुख्माकडे वळले.

"काय बोलून राहिली, काकू?" पुरनलाल ओरडले. "दोन दिस पाणी धुंडाळलं आम्ही!"

"धुंडाळलं. अन् घरातून त्याची पेटी गेलती, नवं धोतर गेलतं. मले लाज वाटली, बोलली नाई. मंग हे पाखरू आलं. चार महिने पोटभर खाल्लं अन् होळीच्या आंधी उडालं. म्हटलं, हा बी मनिरामच! शिवी देल्ली म्या. तुमीच हात जोडले, तं मी काय करू?"

आधी एक बाई हसली. मग सगळा काठ हसला, पुरनलालसुद्धा. हर्षा हसली नाही. तिनं लिहिलेली 'पाण्यात देह ठेवला' ही ओळ खोडली.

"आजी, गेले कुठं?"

रुख्मानं राज्याच्या सीमेपार, बालाघाटपलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. रोज घेत असावी, तसं.

नोंदवही अकराला पुरनलालच्या मोटारसायकलवरून तिरोड्याला गेली. नाव कशावरून पडलं, त्या रकान्यात ओळ होती : 'दिवाळीला येतो, पोटभर खातो, होळीआधी जातो.'

त्या वेळी हर्षा आणि रुख्मा गोंदियाच्या एसटीत होत्या.

"तिथं जाऊन काय करशील, आजी?"

"चाळीस साल पाखराले शिवी देल्ली. आता ज्याची त्याले देतो."

बालाघाटची बस त्यांना दीडला मिळाली, एवढं हर्षानं पुरनलालना फोनवर कळवलं. संध्याकाळी सहापर्यंत फोन पुन्हा लागलेला नाही.